लाल कडेची वही

इस्माईलभाई मणियार गेले त्याला आता दोन महिने होत आले. चाळिसाव्याला मी घोटीला त्यांच्या घरी गेले होते. निघताना त्यांची मुलगी शबाना रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "मॅडम, अब्बांची वही आम्ही छापतोय. छोटंसंच पुस्तक होईल. सुरुवातीला तुम्ही चार पानं लिहाल का? अब्बा सारखे म्हणायचे, बाईंनी लिहिलं पाहिजे."

मी हो म्हणाले. तेव्हापासून रोज थोडं लिहिते आणि थोडं खोडते. अडचण एकच आहे. खरं लिहायचं तर आधी हे लिहावं लागेल की मला इस्माईलभाईंचा हेवा वाटायचा. ते गेले, पण तो हेवा काही गेला नाही. त्यांची आठवण येऊन डोळे भरतात, तेव्हाही तो कुठेतरी बाजूला उभा असतो.

आम्ही दोघं अंबडच्या एका कारखान्यात कामाला. मोटारींना लागणारे छोटे दंडगोल आणि कड्या तिथे बनत. इस्माईलभाई टर्निंगच्या मशीनवर सेटर होते. नवा जॉब, म्हणजे बनवायचा नवा भाग, आला की मशीन त्यासाठी जुळवून द्यायची, माप बसलं की ऑपरेटरच्या हवाली करायची, हे सेटरचं काम. मी क्वालिटी विभागात कागदपत्रं सांभाळायचे. त्याआधी चार वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं होतं. पाचव्या वर्षी तासिका मिळाल्या नाहीत, म्हणून इकडे आले. हे कळल्यापासून इस्माईलभाई मला बाई म्हणू लागले. बाकी सगळ्यांसाठी मी भामरे मॅडम.

बुटके, रुंद खांद्यांचे, दाढीत पांढरं जास्त. रोज घोटीहून मोटारसायकलवर यायचे, आणि पावसाळ्यात रेनकोटाच्या आत आणखी एक रेनकोट घालायचे. डब्यात कायम भात. कॅन्टीनच्या भाताला त्यांनी एवढ्या वर्षांत हात लावला नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "भात नाय तो. नुसती भाताची हजेरी हाय." त्यांच्या डब्याचं झाकण उघडलं की घोटीच्या तांदळाचा वास शेजारच्या दोन टेबलांपर्यंत जायचा, आणि ते पहिला घास घेण्याआधी शेजारच्याच्या ताटात एक चमचा वाढायचे. न विचारता.

कुठल्याही वस्तूवरून अंगठ्याचं नख हळूच फिरवायची त्यांना सवय होती. तयार जॉबवरून नख फिरवून ते पृष्ठभाग किती गुळगुळीत झाला आहे ते सांगायचे, आणि मागून यंत्रानं मोजलं तर बहुतेक तेच निघायचं. ही सवय मग कपाला, टेबलाला, लग्नपत्रिकेला, सगळ्याला लागली. माणसांबद्दलही ते त्याच भाषेत बोलत. आमच्या एका मॅनेजरबद्दल म्हणाले होते, "फिनिश लय भारी. माप नाय."

नवा जॉब मशीनवर लावला की पहिला नग मापात कधीच येत नाही. त्याला सेटिंग पीस म्हणतात. तो मोजायचा, किती चुकलं ते बघायचं, मशीन तेवढी सरकवायची. तो नग चुकून चांगल्या मालात जाऊ नये म्हणून त्याला लाल रंग फासून लाल डब्यात टाकायचा. नवीन सेटरांना पहिला नग बाद गेला की घाम फुटायचा. इस्माईलभाई त्याला लाल रंग इतक्या शांतपणे लावायचे, की जणू तो त्याच कामासाठी बनवला होता. म्हणायचे, "पहिला पीस मशीनचा, दुसरा माझा, तिसरा कंपनीचा. कंपनीचा पहिल्यांदाच काढायला जाल तर तिन्ही जातील."

हे मी कित्येक वर्षं ऐकत होते. त्याचा माझ्याशी काही संबंध असेल, असं वाटलं नव्हतं.

माझ्या कपाटात तेव्हा एक फाईल होती. एम. ए. झाल्या झाल्या सुरू केलेली कादंबरी. सुरू केलेली म्हणजे तिचा पहिला परिच्छेद, आणि त्या परिच्छेदाचे सतरा खर्डे. दर दिवाळीच्या सुट्टीत मी ती फाईल काढायचे, अठरावा लिहायला बसायचे आणि आधीचे सतरा वाचून परत ठेवून द्यायचे. हे कुणाला माहीत नव्हतं. इस्माईलभाईंना मी एकदा कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं माप बरोबर हाय. पण तुम्ही जॉब मशीनवरून काढतच नाय."

त्यांच्या लिहिण्याशी माझी ओळख झाली ती शिफ्टच्या रजिस्टरमुळे. पाळी संपताना सेटरनं त्यात पुढच्या पाळीसाठी मशीनची खबर लिहून ठेवायची असते. सगळे लिहायचे, "मशीन नं. ४ ठीक. मशीन नं. ५ ठीक." इस्माईलभाई मात्र पान भरायचे. एक नोंद मला पाठ आहे. "चार नंबर सकाळपासून बोलताना मधेच थांबती. बंद पडत नाय, थांबती. म्हातारं माणूस जिना चढताना कठड्याला हात लावून थांबतं आणि आपण बघितलं की लगेच चालायला लागतं, तशी. आहेर, तू तिच्याकडं बघू नको. कान दे."

आहेर म्हणजे त्यांच्या नंतरच्या पाळीचा सेटर. चाळिशीचा, तोंडाळ माणूस. तो आला की कपडे बदलायच्या आधी रजिस्टर उघडायचा.

"काय भाई, मशीनला चिठ्ठी लिहिली का बायकोला?"

"तुला लिहिली. बायकोला वाचायला वेळ नाय."

ऑफिसात बसून मी ती रजिस्टरं तपासायचे. तपासायचे म्हणजे तारीख आणि सही आहे की नाही ते बघायचे. पण इस्माईलभाईंचं पान आलं की मी थांबायचे. एखादी उपमा जिथे बसायला हवी तिथेच बसलेली. एक शब्द इकडचा तिकडे करता येऊ नये अशी वाक्यं. ती या माणसानं उभ्यानं, तेलकट हातानं, पाळी संपण्याच्या घाईत लिहिलेली असायची. माझी आई सटाण्याकडची. घरात ती 'आहे'ला 'शे' म्हणायची. मी शाळेत जाऊ लागल्यावर ते जिभेवरून घासून काढलं, पुढे एम. ए. होऊन उरलंसुरलंही काढलं. आणि हा माणूस जसं बोलतो तसं कागदावर ठेवत होता, आणि ते कागदावर उभं राहत होतं.

एका वर्षी बाहेरून ऑडिटर आले. त्यांनी सहज रजिस्टर उघडलं आणि वाचत बसले. वाचता वाचता हसले. मॅनेजर घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ऑडिटरांनी जाताना शेरा मारला, की नोंदीत अनावश्यक मजकूर आहे, नमुना ठरवून द्यावा. नमुना ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी एक सुबक तक्ता बनवला. मशीन क्रमांक, स्थिती, सही. स्थितीच्या रकान्यात दोनच पर्याय, ठीक किंवा नादुरुस्त. रकाना एवढा अरुंद ठेवला की तिसरा शब्द मावू नये. तो तक्ता बनवताना मला बरं वाटलं होतं, हे मी आज लिहून ठेवते.

इस्माईलभाईंनी तक्त्यावरून नख फिरवलं. म्हणाले, "छपाई चांगली हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून लिहू लागले, ठीक, ठीक, ठीक.

सातव्या आठवड्यात चार नंबर मशीनचं बेअरिंग गेलं. मशीन अकरा दिवस बंद. चौकशीत मी रजिस्टर समोर ठेवून त्यांना विचारलं, "आदल्या दिवशी तुम्ही ठीक लिहिलंय. मशीन ठीक होती का?"

"ठीकच होती, बाई. पण ठीक कशी होती, ते लिहायला जागा नव्हती."

आहेर बाहेर मला गाठून म्हणाला, "मॅडम, तुमचा तक्ता चांगला असेल. पण भाईंचं वाचून आम्हाला कळायचं हो." मी तक्त्याला शेऱ्याचा रकाना वाढवून दिला. पण तोपर्यंत त्यांची सवय मोडली होती. ते दोन ओळींच्या वर गेले नाहीत.

मला वाटलं, संपलं. पण अडवलेलं ते दुसरीकडून यायला लागलं होतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. एरवी ते ऑफिसात येत नसत. बुटांचं तेल फरशीला लागेल म्हणून दारातूनच बोलत.

"बाई, एक विचारू? हसायचं नाय."

"विचारा."

"माझ्या अब्बांवर लिहावं म्हणतो. ते मणियार होते ना, गावोगाव बांगड्या भरायला जायचे. मी लहानपणी पेटी धरायला जायचो. लय बघितलंय. पण पेन हातात घेतला की हात थरथरतो. खोटं नाय सांगत. मशीनवर एक केसभर माप धरतो मी, आणि कोऱ्या पानावर हात थरथरतो. मी आपला दहावी आणि आयटीआय. घरी कुणी बघितलं तर काय म्हणतील? सुरुवात कशी करायची?"

रजिस्टरमध्ये पानंच्या पानं लिहिणारा माणूस हे बोलत होता. मी म्हटलं, "तुम्ही लिहीतच होता की इतकी वर्षं."

"ते लिहिणं नाय. ते कामाचं. ते आहेरसाठी."

तेव्हा मी एकच वाक्य बोलायला हवं होतं. आहेरसाठी लिहीत होता तसंच लिहा. मला ते वाक्य माहीत होतं. मी त्याऐवजी त्यांना बारा पुस्तकांची यादी करून दिली आणि म्हणाले, "आधी हे वाचा. त्याशिवाय लिहिणं बरं नव्हे."

त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली. दीड महिन्यानं भेटले तेव्हा चेहरा उतरला होता. "दोन वाचली, बाई. लय मोठी माणसं. आता तर हात वहीपर्यंत जातच नाय." मी म्हटलं, वेळ लागतो. वर्षभर त्यांनी परत विषय काढला नाही. त्या दिवाळीत मी फाईल काढली आणि नेहमीसारखी परत ठेवली. पण त्या वर्षी ती ठेवताना दरवर्षीइतकं वाईट वाटलं नाही.

मग पुढच्या वर्षी श्रावणात ते जेवणाच्या सुट्टीत मशीनमागच्या बाकावर बसून लिहिताना दिसले. शाळेत असते तसली दोनशे पानी वही. जवळ गेले तर वहीच्या तिन्ही कडा लालभडक. बाद मालाला फासायचा तोच रंग.

"हे काय?"

"सेटिंग पीस." ते हसत होते. "परवा नवीन जॉब लावला, पहिला पीस लाल केला, डब्यात टाकला आणि डोक्यात आलं, अरे, याची आपल्याला कधी भीती वाटली का? हा बादच जायचा असतो. मग वही आणली, मिटली, आणि कडेनं ब्रश फिरवला. दोनशेच्या दोनशे पानं आधीच बाद. आता काय बिघडायचं राहिलं? अठ्ठावीस पानं झाली, बाई. हात थरथरला नाय."

त्यांनी वही माझ्यापुढे केली. मी म्हटलं, "पूर्ण झाली की बघते." आणि परत येऊन टेबलावर बसले. समोरचा कागद मला दिसत नव्हता. एकोणीस वर्षं मी दारात उभी होते, आणि दार ढकललं की उघडतं हे एका माणसानं रंगाच्या डब्याकडे बघून ओळखलं होतं. त्यांनी पुस्तक लिहिलं असतं तरी चाललं असतं. त्यांची भीती गेली, याचा मला राग आला.

चार महिन्यांनी कारखान्यात साफसफाईचा आठवडा आला. दरवर्षी येतो. तीन जणांची समिती प्रत्येक मशीनपाशी जाते आणि नको असलेलं सामान हलवते. त्या वर्षी समितीत मी होते. पोती घेऊन आमच्याबरोबर सुमनबाई होत्या. सुरगाण्याकडच्या, पन्नाशीच्या, हाऊसकीपिंगला. इस्माईलभाई त्या दिवशी नातेवाइकांच्या लग्नाला गेले होते. त्यांचं टूलचं कपाट उघडलं तर खालच्या फळीवर ती वही होती. समितीतले एक साहेब म्हणाले, "लाल मार्किंगचं आहे. रिजेक्शनचं काहीतरी असेल. टाका."

त्यांची चूक नव्हती. आमच्याकडे लाल म्हणजे बाद. हे कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात. दुसरा कुठलाही रंग असता तर त्यांनी वही उघडून तरी बघितली असती.

सुमनबाईंनी वही हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "टाकू का, मॅडम?"

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. हातातल्या यादीत बघत राहिले. वही पोत्यात गेली.

दुपारी साडेतीनला, पाळी बदलण्याच्या गडबडीत, मी भंगाराच्या शेडमध्ये गेले. पोती ओळीनं लावली होती. तिसऱ्या पोत्यात वही सापडली. ती मी पर्समध्ये घातली. आपण ती वाचवतो आहोत, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. उद्या ते आले की देऊ.

घरी जाऊन एका बैठकीत वाचली. एकशे चाळीस पानं. त्यातलं थोडं इथे देते.

"अब्बा बांगडी भरताना बाईच्या तोंडाकडं बघायचे नाहीत. हाताकडं बघायचे. बांगडी जोरानं जात नाय. हात सैल सोडावा लागतो. अब्बा म्हणायचे, हात सैल सोड, बाळ. घट्ट धरलास तर काचही फुटंल आणि हातही कापंल. काही बाया लगेच सैल सोडायच्या. काहींना वेळ लागायचा. रात्री घरी येऊन अब्बा अम्मीला सांगायचे, पाटलाच्या धाकट्या सुनेचं काही खरं नाय. हात सोडतच नाय ती."

आणि हे त्यांच्या आईबद्दल. "अम्मीच्या हातात एका रंगाच्या दोन बांगड्या मी कधी बघितल्या नाहीत. बाजारातून डझनात एक-एक उरायची, ती तिची. लाल गेली बेलगावला, तिची बहीण अम्मीच्या हातात. हिरवी गेली वाडीवर, तिची बहीण अम्मीच्या हातात. ती भाकरी थापायला बसली की वाटायचं, कुठल्या कुठल्या गावच्या बाया आज आपल्या घरात येऊन बसल्यात."

हा दुसरा उतारा मी तीनदा वाचला. मग वही फाईलशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाईंना कळलं. मी वही दिली नाही. द्यायची म्हणजे काल बोलले का नाही, ते सांगावं लागलं असतं. पण खरं कारण तेही नव्हतं. ती माझ्याजवळ होती, हेच मला हवं होतं. मी लांबून त्यांच्याकडे बघितलं. कपाटापाशी उभे होते. आहेर समितीला शिव्या देत होता. "भाई, चला शेडमध्ये, मी पोती उपसतो." ते म्हणाले, "राहू दे. सेटिंग पीसच होता. डब्यात जायचाच होता." आणि पुढच्या सोमवारी त्यांनी नवी वही आणली. तिच्या कडा कोऱ्या होत्या.

ती त्यांनी सव्वा वर्षात पूर्ण केली. दसऱ्याला मशीनची पूजा झाली, पेढे वाटून झाले, तेव्हा आहेरनं त्यांना पुढे ढकललं आणि त्यांनी दहा पानं वाचून दाखवली. पाटलाच्या धाकट्या सुनेपाशी आले तेव्हा अडीचशे माणसांतले मागचे पुढे सरकले होते. सुमनबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. पहिल्यापेक्षा ते चांगलं झालं होतं. सैल सोडलेला हात आता त्यांच्या वाक्यातही होता. हे तिथे फक्त मलाच समजत होतं, कारण दोन्ही वह्या वाचणारी मी एकटी होते. आणि आणखी एक गोष्ट मलाच समजली. नंतर मी वही मागून घेऊन खात्री केली. अम्मीच्या बांगड्या त्यात नव्हत्या. त्या त्यांना परत आठवल्या नव्हत्या, किंवा दुसऱ्यांदा तशा हाताला लागल्या नव्हत्या. तो उतारा जगात एकाच जागी होता, माझ्या कपाटात.

तरी मी तो दिला नाही. आणखी दोन वर्षं.

मग त्यांची निवृत्ती आली. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, मॅनेजरांचं भाषण. त्या दुपारी ते ऑफिसात आले. पहिल्यांदाच तेलाचे बूट नव्हते, म्हणून आत आले आणि खुर्चीवर बसले. हातात लाल रंग लावलेला एक छोटा दंडगोल होता.

"बाई, एक गेटपास करा. आज आहेरनं जॉब लावला, त्याचा सेटिंग पीस. आठवण म्हणून घरी नेतो."

"एवढ्याशा भंगाराला कशाला गेटपास?"

"असं कसं? गेटपास नसला की चोरी झाली." ते गेटपासच्या पुस्तकावरून नख फिरवत होते. "तुम्ही तेव्हा केला नव्हता, बाई."

मला काही विचारायची गरज पडली नाही. तेच म्हणाले, "सुमननं तुम्हाला शेडमध्ये बघितलं होतं. दुसऱ्याच दिवशी सांगितलं तिनं मला."

"मग मागितली का नाहीत?"

"मागितली असती तर तुम्ही दिली असती. मग मी तीच उतरून काढत बसलो असतो. बाद पीसवरून माप घेत नसतात." गेटपासचं पुस्तक माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आणि वाटलं, बाईंना हवी हाय तर राहू दे. कुणाला तरी हवी हाय." मग खाली बघत, पहिल्यांदा पुस्तकांच्या यादीच्या वेळी बोलले होते त्या आवाजात, "वाचली का?"

"वाचली."

"कशी हाय?"

साडेतीन वर्षं हा माणूस हे विचारायचं थांबला होता. माझ्याकडे उत्तर होतं. बेलगावची लाल, वाडीवरची हिरवी. अख्खा उतारा मला पाठ होता. मी म्हटलं, "चांगली आहे."

ते मोठ्यानं हसले. "मशीन नंबर चार, ठीक."

मी गेटपास लिहिला. नग एक, लाल. सही केली. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "वही असू द्या तुमच्याकडंच. पण जॉब काढा आता मशीनवरून."

शबाना, वही या पानांसोबत पाठवते आहे. एकशे बाराव्या पानावर तुझ्या दादीच्या बांगड्या आहेत. त्या पुस्तकात घे. माझी पानं घ्यायची की नाही ते घरातल्या सगळ्यांनी वाचून ठरवा. नाही घेतलीत तरी चालेल. हे लिहायला बसण्याआधी बाजारातून लाल रंगाची छोटी बाटली आणली आणि कोऱ्या कागदांच्या कडेवरून ब्रश फिरवला, म्हणून ही कड अशी दिसते आहे. मला स्वतःहून हे सुचलं नसतं. सुचलं त्यांना, आणि त्याबद्दल अजूनही मला त्यांचा हेवा वाटतो.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते ऑफिसच्या खिडकीतून. मोटारसायकल गेटपाशी उभी होती. शाल त्यांनी पेट्रोलच्या टाकीवर घडी करून ठेवली होती. गार्डनं पिशवी तपासली, तो दंडगोल बाहेर काढला, उलटा-सुलटा बघितला आणि काहीतरी विचारलं. इस्माईलभाईंनी खिशातून गेटपास काढून दिला. गार्ड तो वाचत असताना ते हात पुढे करून थांबले होते. तळवा वर, बोटं सैल. गार्डनं नग त्यांच्या तळव्यावर ठेवला, आणि त्यांनी त्यावरून एकदा नख फिरवलं.